पंचावन्न अंशांचा आटा

जुन्या बुलेटच्या इंजिनात ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट लावला, तर पहिले दोन फेरे तो मुकाट आत जातो. तिसऱ्याला अडतो. जाणता मेकॅनिक इथे थांबतो. नवशिका पान्याला पाइप लावून जोर करतो, केसिंगच्या ॲल्युमिनियममधले आटे सोलून निघतात आणि गाडी टेम्पोत बसून माझ्या दारात येते.

तिथे खरा बोल्ट लागतो अडीच सुती, म्हणजे पाच-सोळांश इंचाचा. दोन्ही बोल्ट हातात घेतले तर फरक कळणार नाही. जाडीत तफावत आहे ती मिलिमीटरच्या सहा शतांशाची. पण इंग्रजी बोल्टावर एका इंचात १८ आटे असतात, मेट्रिकवर वीसच्या थोडे वर. शिवाय इंग्रजी आट्याची खाच ५५ अंशांची, मेट्रिकची ६० अंशांची. हे ५५ अंश जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली ठरवले. बुलेट इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने तिची जुळणी इकडे सुरू केली, मग यंत्रे आणि साचेही आले. विलायतेतला कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, तरी मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला बुलेटच्या अंगावर व्हिटवर्थसाहेबांचे आटे पडतच राहिले. आमच्या देशात मीटर-किलो येऊन जुने झाले, पण बुलेटला त्याची वर्दी कुणी दिली नाही.

मी टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे लेथ आहे. पोट भरते ते पंपांच्या शाफ्टवर आणि गुऱ्हाळाच्या चरकाच्या गनमेटल बुशांवर. जुन्या फटफट्यांचे काम मी सुट्टीच्या दिवशी धरतो, कारण त्यात वेळ जातो आणि गिऱ्हाईक शेजारी स्टूल घेऊन बसते. व्हिटवर्थचे टॅप आणि डाय माझ्याकडे एका लाकडी पेटीत आहेत. ती पेटी मी कुणाला उसनी देत नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही दिलेली नाही.

लोकांना या गाड्यांचे एवढे वेड का, असे मला बरेच जण विचारतात. ठरलेले उत्तर आहे आठवणींचे: वडिलांची जावा, कॉलेजातली यझदी, लग्नानंतर बायकोला मागे बसवून केलेली ज्योतिबाची खेप. असेल तेही. पण माझ्याकडे येणाऱ्यांत अर्धी पोरे पंचविशीची आहेत. त्यांच्या बापाने स्प्लेंडर चालवली. यझदी १९९६ ला बंद झाली तेव्हा ही पोरे जन्मलीही नव्हती. आठवण कुठून असणार? तरी ती पोरे उन्हात उकिडवी बसून कार्बोरेटरची जेट पितळी तारेने साफ करतात. त्यांचे कारण वेगळे आहे, आणि ते सांगायला मला एक काम जरा सविस्तर सांगावे लागेल.

गडहिंग्लजकडचे एक निवृत्त मास्तर त्यांची जावा घेऊन आले होते. साठच्या दशकातली, मरून रंगाची, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. इराणी कुटुंबाने म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून ती तिथे बनू लागली. मास्तरांची गाडी गोठ्यात उभी राहून जाम झाली होती. पिस्टन गंजून बॅरलला धरला होता. त्यावर रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवायचे आणि रोज लाकडी ठोकळ्याने थोपटायचे, एवढाच इलाज. घाई करणारा हातोडी घेतो आणि कनेक्टिंग रॉड वाकवून बसतो. पिस्टन सुटला तेव्हा कळले की बॅरलला पूर्वीच बोअर मारून मारून शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत नेलेले आहे. कारखान्यातून निघताना या गाडीचा बोअर ६५ मिलिमीटर असतो. झिजला की पाव-पाव मिलिमीटरने मोठा करून जाड पिस्टन घालायचा, पण त्यालाही शेवट आहे. आता नवी स्लीव्ह घालणे हाच मार्ग उरला.

जावा टू-स्ट्रोक आहे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घ्यायला, धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतात. जावाला व्हॉल्व्हच नाहीत. बॅरलच्या भिंतीला खिडक्या पाडलेल्या असतात आणि वर-खाली होणारा पिस्टन त्या वेळेवर उघडतो, वेळेवर झाकतो. म्हणजे दारही तोच आणि दारवानही तोच. त्यामुळे स्लीव्ह घालणे म्हणजे नुसती नळी ठोकणे नव्हे. नळीवर त्याच खिडक्या, त्याच उंचीवर, त्याच रुंदीच्या पाडाव्या लागतात. धूर जाण्याच्या खिडकीची वरची कड एखाद्या मिलिमीटरने वर सरकली, तर गाडी सपाटीवर जोरात पळेल पण घाटात कुंथेल. खाली आली तर उलटा प्रकार. रेसिंगवाली पोरे हेच मुद्दाम करून घेतात. खिडकीची कड मात्र कुणाचीही असो, कानशीने बोथट करावीच लागते, नाहीतर पिस्टनची रिंग तिच्यात अडकते आणि तुटते.

फिरत्या साच्यात ओतलेली बिडाची नळी आणली. कोल्हापुरात बिडाच्या ओतकामाला तोटा नाही. बाहेरून ती बॅरलच्या भोकापेक्षा किंचित जाड ठेवली. मग बॅरल शेजारच्या बेकरीच्या भट्टीत, खारीचे पत्रे निघाल्यावर, तापत ठेवले आणि स्लीव्ह बर्फात. तापलेले बॅरल फुगते, गारठलेली नळी आक्रसते, आणि दोन-चार सेकंदांच्या आत ती सरळ बसवायची. तिरकी बसली तर सगळे काम भंगारात. ती बसली. नंतर आतून बोअर मारून पिस्टनसाठी तीन थाऊ जागा सोडली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीन थाऊ म्हणजे साधारण डोक्याच्या एका केसाएवढी फट. एवढी तरी ठेवावीच लागते, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या दुप्पट फुगतो. कमी ठेवली तर चालत्या गाडीत पिस्टन धरतो आणि मागचे चाक लॉक होते.

मास्तर हे सगळे शेजारी बसून बघत होते. ते शाळेत विज्ञान शिकवत. खिडक्यांतून आरपार बघत म्हणाले, “मिस्त्री, अर्धा जन्म हिच्यावर बसलो. आत व्हॉल्व्ह नाहीत हे आज कळतंय.” पुढचा तासभर ते रिकाम्या बॅरलमध्ये पिस्टन वर-खाली करत, कुठली खिडकी कधी उघडते ते वहीत मांडत बसले होते. चहा निवला तरी त्यांचे लक्ष नव्हते.

तर पंचविशीच्या पोरांना जे ओढते ते हे. जुनी गाडी उघडली की दिसते, दिसली की मोजता येते, आणि मोजता आली की पुन्हा करता येते. सुटा भाग मिळत नसेल तर नमुना आणा, दोन्ही बाजूंनी व्हर्निअर लावू, करून देऊ. नव्या गाडीतला कंट्रोलरचा काळा डबा मी उघडू शकतो, पण उघडून काय करणार? त्यात बघण्यासारखे काही नाही आणि लेथवर धरण्यासारखे तर नाहीच.

याचा अर्थ नवी गाडी वाईट असा कुणी काढू नये. ती कमी पेट्रोलमध्ये जास्त धावते, वेळेवर थांबते, पावसात सुरू होते. मी स्वतः रोज बिनगिअरच्या स्कूटरवरून येतो. जुन्या ड्रम ब्रेकवर आजच्या हायवेला भरोसा ठेवू नये, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. टू-स्ट्रोकचा धूर हाही काही काव्याचा विषय नाही. लिटरमागे ४० मिलिलिटर ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचे आणि जाळायचे, शिवाय ताज्या पेट्रोलचा थोडा भाग जळलेल्या वायूबरोबर तसाच सायलेन्सरमधून निघून जाणार. अशा गाड्या बंद झाल्या त्या योग्य कारणानेच.

बुलेटचे आकर्षण थोडे निराळे आहे. तिचा बोअर ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. बोअरपेक्षा पल्ला लांब असला की इंजिन फार गरगर फिरू शकत नाही, पण हळू चालतानाही दमदार ओढते. त्यात फ्लायव्हील जड. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत ते चाक सगळे ओझे वाहून नेते. म्हणून तो सुटा सुटा आवाज, ज्यातले ठोके मोजता येतात. यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५० आणि पल्लाही ५०. तिचे इंजिन चटकन चढते, आवाज तारस्वरात. दोन्हींचे भक्त एकमेकांची टिंगल करतात. मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर आहेत, फक्त आरएक्सची आजची मागणी ऐकून घाम फुटतो. नव्या गाडीच्या पैशांत लोक गंजलेला सांगाडा घेऊन येतात.

जुन्या बुलेटला किक मारण्याचीही रीत आहे. चावी फिरवायची, हेडलाइटच्या वरच्या अँपिअर मीटरकडे बघत किक हळूहळू दाबायची. पाय अडला आणि काटा मधोमध आला की समजायचे, पिस्टन वर आला. मग हँडलजवळची डीकॉम्प्रेसरची खिट्टी ओढून पाय जरासा पुढे न्यायचा, खिट्टी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण दणका. हे न पाळता जो ताकद दाखवतो त्याच्या पायावर किक उलटते. इग्निशनचे टायमिंग लावायला आम्ही सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वापरतो. पॉइंटच्या फटीत कागद धरायचा, इंजिन हाताने हळूच फिरवायचे, कागद सुटून आला तो उघडण्याचा क्षण. सिगारेट मी ओढत नाही, पण पाकीट दुकानात असते.

या कामातले माझे दैवत परदेशातले आहे. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावात बर्ट मन्रो नावाचा गृहस्थ होता. त्याच्याकडे १९२० सालची इंडियन स्काउट होती. इंडियन हे अमेरिकेतल्या कंपनीचे नाव, आपला संबंध नाही. नवी असताना ती ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जायची. मन्रोने आयुष्यभर त्या गाडीवर काम केले. पिस्टन तो स्वतः ओतायचा, त्यासाठी जुने पत्र्याचे डबे वापरायचा. ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून त्याने कनेक्टिंग रॉड कोरून काढले. मायक्रोमीटरच्या जागी म्हणे सायकलची जुनी तार. फुटलेले पिस्टन आणि रॉड त्याने शेडमधल्या फळीवर ओळीने मांडून ठेवले होते आणि वर पाटी लावली होती, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तो ही गाडी ताशी २९५ किलोमीटरच्या वर घेऊन गेला. हजार सीसीखालच्या वर्गात तो विक्रम ठरला. त्याच्यावरचा इंग्रजी सिनेमा २००५ मध्ये आला. त्यातला शेडचा भाग मी पुन्हा पुन्हा लावून बघतो, शर्यतीचा भाग पुढे ढकलतो.

मन्रोची गाडी व्हिंटेज म्हणायची की कस्टम? जुन्या गाडीला कारखान्यातून निघाली तशी करणारे आणि जुन्या गाडीतून स्वतःला हवी ती गाडी काढणारे, अशा दोन जाती हल्ली पडल्या आहेत. एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. मला तर दोघांचे हात सारखेच काळे दिसतात. १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमधली पोरे नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवायची, कारण नॉर्टनची फ्रेम वळणावर भक्कम आणि ट्रायम्फचे इंजिन जोरकस. त्या संकराला ट्रायटन म्हणत. कॅफे रेसर म्हणून आज जे खाली वाकलेले हँडल आणि एकाच माणसाची सीट विकली जाते, त्याचे मूळ तिथे. मुंबईचे अक्षय वर्दे बुलेटच्या इंजिनाभोवती नव्या चॅसीच्या गाड्या घडवू लागले, ‘वर्देंची’ या नावाने, आणि असल्या गाड्या मराठी माणूसही बांधतो हे आमच्याकडच्या पोरांनी पाहिले.

पण त्याच्या कितीतरी आधी, फोटो काढायला कुणी येत नव्हते तेव्हा, आमच्या उसाच्या पट्ट्यात बुलेटच्या चॅसीत डिझेल इंजिन बसत होतेच. पेट्रोल परवडत नव्हते, पंपाचे छोटे डिझेल इंजिन ओळखीचे होते, आणि फ्रेम कापून जोडणारा वेल्डर गावात होता. पुढे एनफिल्डनेच ३२५ सीसीची डिझेल बुलेट विकली. साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा, थरथर इतकी की आरशात मागचे काही दिसत नसे, पण एका लिटरला पाऊणशेच्या वर किलोमीटर. गवळ्यांनी राजदूतला दुधाच्या किटल्यांसाठी दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे लावून घेतले, त्यातले किती आकडे आमच्या गल्लीत वाकवले गेले याची मोजदाद नाही. गरजेतून केलेली ही कामे मला दिखाऊ चॉपरपेक्षा जास्त भावतात.

कायद्याचे तेवढे सांगायला हवे, कारण पोरे ते ऐकायला तयार नसतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रात जे लिहिले आहे त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. म्हणजे फ्रेम कापून मागचा भाग लांबवलेली गाडी प्रदर्शनात शोभेल, रस्त्यावर आली की पावती. जुन्या गाड्यांसाठी मात्र २०२१ मध्ये केंद्राने वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरती बाहेर काढायची. साठच्या दशकातली जावा त्यात बसते. १९८५ मध्ये आलेली पहिली आरएक्स १०० बसायला २०३५ उजाडेल. फ्रेम किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर पन्नास काय, शंभर वर्षे झाली तरी उपयोग नाही. म्हणून कुणी साठच्या दशकातली धडधाकट जावा कापून बॉबर करा म्हणून आला, तर मी त्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो.

अलीकडे एक नवे दुखणे आले आहे आणि ते आमच्याच शिवारातून आले आहे. उसापासून इथेनॉल होते, ते आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळतात. साखर कारखान्यांचे आणि त्यावर पोसलेल्या आमच्या जिल्ह्याचे त्यात भलेच आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी साठते आणि पत्रा आतून गंजतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पेट्रोल कॉकची वॉशर मऊ पडते. उपाय अवघड नाहीत: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला, टाकीला आतून कोटिंग करून घ्या, गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. ऊसवाले एक शेतकरी आपल्या राजदूतचा फुगलेला पाइप दाखवत मला म्हणाले, “मामा, माझाच ऊस माझ्याच गाडीला बाधला.”

आता तुम्हाला हे वाचून जुनी गाडी घ्यावीशी वाटली असेल, तर दोन-चार गोष्टी. आधी कागद. इंजिन आणि चॅसीचे नंबर नोंदणीपत्राशी स्वतः जुळवून बघा, बोट फिरवून बघा. घासून पुन्हा ठोकलेला नंबर बोटाला कळतो. नोंदणीची १५ वर्षे सरल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, ते थकले आहे का ते विचारा. मग फ्रेम: हँडलखालच्या मानेजवळ वेल्डिंग दिसले तर परत फिरा. इंजिन बंद पडलेले असेल तर त्याला घाबरू नका, ते करता येते. क्रोम चकचकीत असेल आणि बोल्टांची डोकी झिजून गोल झालेली असतील, तर गाडी विकण्यासाठी सजवली आहे असे समजा. टाकीत टॉर्च मारा. दोन-चार बोल्ट हाताने सैल करून बघा, आटे शाबूत आहेत का. इतके सगळे पटले तर गाडी घ्या आणि खुशाल या. रंग कोणता द्यायचा ते मात्र घरी ठरवून या. त्यात माझे डोके चालत नाही.